पोषण आहार ताटात मोजा

मा. संपादक,
स. न.

शालेय पोषण आहारातून पाचवीपर्यंतच्या मुलाला रोज ४५० उष्मांक आणि १२ ग्रॅम प्रथिने मिळावीत, असा निकष आहे. त्यासाठी १०० ग्रॅम तांदूळ, २० ग्रॅम डाळ, ५० ग्रॅम भाजी, ५ ग्रॅम तेल धरले जाते. हिशेब जुळतो, पण तो कच्च्या शिध्याचा. मुलाच्या ताटात प्रत्यक्ष काय पडते, याचा नाशिक जिल्ह्यातल्या शाळांत अभ्यास व्हायला हवा. या १२ ग्रॅमपैकी साडेचारेक ग्रॅम प्रथिने एकट्या डाळीची, आणि डाळ पातेल्याच्या तळाशी बसते. प्रत्येक वेळी पळी तळापासून फिरली नाही, तर पंगतीत आधी बसलेल्यांना वरचे पाणी आणि शेवटच्यांना घट्ट गोळा मिळतो. सुरुवातीच्या, मधल्या आणि शेवटच्या ताटांचे वजन घ्यावे, उष्टे वजा करावे, प्रथिने प्रयोगशाळेत तपासावीत, फरक कळेल.

त्याहून गंभीर प्रश्न तापमानाचा आहे. बॅसिलस सिरियस या जिवाणूचे बीजाणू भात शिजवूनही मरत नाहीत. अन्न ६० अंश सेल्सिअसच्या खाली तासन्‌तास राहिले की त्यांतून जिवाणू उगवून वाढतात, आणि त्यांचे उलट्या घडवणारे विष पुन्हा गरम करूनही जात नाही. पहाटे शिजलेली खिचडी मध्यवर्ती स्वयंपाकगृहातून डब्यांत भरून शहरभर जाते, तिथे डबा भरताना, शाळेत उतरवताना आणि वाढताना अशी तीनदा तापमानाची नोंद हवी. सळईचा तापमापक डब्याच्या मध्यभागी खुपसावा लागतो. कडेचे आणि मधले तापमान सारखे नसते.

विषबाधेची बातमी आली की पथक पोहोचेपर्यंत पातेली घासून झालेली असतात. मग कारण कळणार कसे? २०१५ च्या मध्यान्ह भोजन नियमांत दरमहा काही शाळांतून नमुने घेऊन तपासण्याची तरतूद आहे. पण एका दिवसाच्या नमुन्यावरून बिघाड कोठीत झाला, चुलीवर की वाटेत, हे उमगत नाही. शिवाय नमुना घरच्या डब्यात नेला तर डब्यातलेच जंतू मोजले जातात. निर्जंतुक बाटली आणि बर्फाची पेटी लागते, आणि सुरगाणा, पेठच्या वाड्यांवरून ती त्याच दिवशी नाशिकला पोहोचवणारी गाडीही.

या अभ्यासाला महागडे यंत्र एकही लागत नाही. पैसा लागेल तो क्षेत्रकार्यकर्त्यांच्या मानधनाला, वाहनाला आणि तपासणी शुल्काला. महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ नाशकातच आहे, त्याची मदत घेता येईल. जिल्हा नियोजन समितीने निदान एका पूर्ण शैक्षणिक वर्षाचा निधी द्यावा आणि शहरातल्या शाळांबरोबर आदिवासी तालुक्यांतल्या शाळाही घ्याव्यात. स्वयंपाकी ताईंना दोषी धरण्यासाठी हा अभ्यास नको; पाणी कुठून आणता, डाळ किती वेळ भिजते, सरपण ओले असले की काय करता, हे त्यांच्याइतके कुणाला ठाऊक नाही. जुलै-ऑगस्ट वगळू नयेत. इगतपुरी, त्र्यंबकच्या पावसात कोठीतला तांदूळ ओल धरतो आणि डाळीला बुरशी येते ती याच दिवसांत.

– एक आहारतज्ज्ञ, नाशिक