जमीन भाड्याने द्यायची की प्रकल्पात भागीदार व्हायचे?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पडीक किंवा कमी उत्पन्नाची जमीन सौर प्रकल्पासाठी भाडेपट्ट्याने द्यावी, असे आवाहन करणाऱ्या बातम्या आपल्या दैनिकात अधूनमधून प्रसिद्ध होत असतात. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना 2.0 मध्ये या जमिनीचे भाडे हेक्टरी वर्षाला 1 लाख 25 हजार रुपये ठरले असून त्यात दरवर्षी 3 टक्के वाढ मिळते. शेतीला दिवसा वीज मिळावी ही रास्त मागणी या योजनेमागे आहे, आणि कोरडवाहू रानाला एकरी 50 हजारांच्या आसपास खात्रीचे उत्पन्न मिळणे ही आमच्या भागात लहान गोष्ट नाही. म्हणून या योजनेला विरोध करण्यासाठी हे पत्र लिहीत नाही. मात्र पुढची 25 ते 30 वर्षे गावच्या जमिनीवर वीज तयार होणार असेल, तर त्या प्रकल्पाची मालकी गावाकडे का असू नये, हा प्रश्न ग्रामसभेत कोणी मांडत नाही. तो मांडला जावा, एवढ्यासाठी हे लिहीत आहे.

साक्री तालुक्याला अशा प्रकल्पांचा अनुभव नवा नाही. शिवाजीनगर येथील महानिर्मितीचा 125 मेगावॉटचा सौर प्रकल्प 2013 पासून सुरू आहे आणि ब्राह्मणवेलच्या पठारावर पवनचक्क्या त्याही आधीपासून फिरत आहेत. वीज येथे तयार होते. पण याच तालुक्यातून दिवाळीनंतर कितीतरी आदिवासी कुटुंबे मुलाबाळांसह ऊसतोडीसाठी दक्षिण गुजरातेत जातात. ज्या डोंगरपठारांवर पिढ्यान्पिढ्या त्यांची गुरे चरली, त्यांवर उभ्या राहिलेल्या संपत्तीत त्यांच्या नावावर एकही भाग नाही.

भाडेपट्ट्याच्या व्यवहारात आणखी एक अन्याय आहे, आणि तो सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. भाडे सातबाऱ्यावर ज्याचे नाव आहे त्यालाच मिळते. त्या शेतावर वर्षाच्या बोलीने राबणारा सालदार, निंदणी-वेचणीला येणाऱ्या बाया आणि बांधावर शेळ्या चारणारी म्हातारी यांचा त्या जमिनीशी असलेला संबंध करारावर सही होताच संपतो. आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, सालदाराचे नवे साल ठरते. ज्या मालकाने चार हेक्टर रान प्रकल्पाला दिले, त्याला पुढच्या आखाजीला सालदार लागणार नाही, हे उघड आहे. गायरानाचे तर विचारूच नये. ती जमीन भूमिहीनांच्याच उपयोगाची असते आणि अशा प्रकल्पांसाठी पहिली नजर तिच्यावरच जाते.

याला पर्याय नाही असे नाही. केंद्र सरकारच्या 2019 च्या कुसुम योजनेच्या ‘अ’ घटकाने 500 किलोवॉट ते 2 मेगावॉट क्षमतेचे प्रकल्प एकट्या शेतकऱ्याप्रमाणेच शेतकरी गट, सहकारी संस्था, ग्रामपंचायती, शेतकरी उत्पादक कंपन्या आणि पाणीवापर संस्था यांनाही उभारण्याची मुभा दिली असून त्यांची वीज वितरण कंपनीने 25 वर्षांच्या कराराने विकत घ्यायची आहे. कृषी पायाभूत सुविधा निधीतून 2 कोटींपर्यंतच्या कर्जावर 7 वर्षे व्याजात 3 टक्के सवलत मिळते, आणि 2024 मध्ये केंद्राने शेतकरी गट व संस्थांच्या अशा प्रकल्पांनाही त्या निधीशी जोडण्याचा निर्णय घेतला.

हिशेब ढोबळ आहे, पण मांडून पाहावा. 500 किलोवॉटच्या प्रकल्पाला सुमारे 2 कोटी रुपये लागतील असे धरले आणि त्यातील 30 टक्के रक्कम संस्थेने स्वतः उभी करायची ठरवली, तर 60 लाख रुपये जमवावे लागतील, म्हणजे 600 कुटुंबांचे प्रत्येकी 10 हजार. दोन-तीन गावे एकत्र आली तर हे अशक्य नाही. ज्यांना एकरकमी 10 हजार जमणार नाहीत, त्यांना 1 हजार रुपयांचा एकेक भाग घेता यावा किंवा बचत गटामार्फत हप्त्याने रक्कम भरता यावी, अशी तरतूद उपविधीत करता येते. पहिली 10-12 वर्षे बहुतेक उत्पन्न कर्जाच्या हप्त्यांत आणि देखभालीत जाईल, लाभांश नावापुरताच राहील, हे सभासदांना आधीच स्पष्ट सांगितले पाहिजे. कर्ज फिटल्यानंतर मात्र कराराच्या उरलेल्या वर्षांचे उत्पन्न गावाचे असेल. भाडेपट्ट्यात तेच उत्पन्न कंपनीकडे जाते.

डेन्मार्कमध्ये कोपनहेगनजवळच्या समुद्रात 2000 साली 20 पवनचक्क्यांचा प्रकल्प उभा राहिला. त्याची निम्मी मालकी 8 हजारांहून अधिक सामान्य सभासदांच्या सहकारी संस्थेकडे गेली. तो देश श्रीमंत आहे, आपल्याला ते कसे जमणार, असे कोणी म्हणेल. त्यांनी पांझरा, कान आणि बुराई या आपल्याच नद्यांवरची फड पद्धत, म्हणजे शेतांचे गट (फड) पाडून सामाईक पाणी देण्याची जुनी रीत, आठवावी. शेकडो वर्षे येथील शेतकऱ्यांनी बंधारे, पाट आणि चाऱ्या सामाईक सांभाळल्या; पंच नेमले; पाणी सोडायला पाटकरी, देखरेखीला हवालदार आणि पिकाच्या राखणीला जागल्या ठेवला. शेतकऱ्यांची जमीन सहसा निरनिराळ्या फडांत विभागलेली असे आणि एका फडात एकच पीक घेतले जाई. त्यामुळे पाणी कमी पडले की एखादा फड कोरडा ठेवून तूट सर्वांनी वाटून घेतली जाई. शेवटच्या टोकाच्या माणसाला एकट्याला झळ सोसावी लागत नसे. ज्यांच्या पूर्वजांनी नदीचे पाणी असे न्यायाने वाटले, त्यांना अर्ध्या मेगावॉटच्या प्रकल्पाचा कारभार झेपणार नाही, हे मला मान्य नाही.

संस्था काढण्याचे नाव निघाले की लोक मागे सरतात, आणि त्यांची भीती खरी आहे. खानदेशातील सहकारी साखर कारखाने एकामागून एक बंद पडले, काही भाड्याने गेले, काही विकले गेले. ज्यांनी पै-पै करून भाग घेतले होते त्या ऊस उत्पादकांच्या हाती भाग दाखला तेवढा उरला. जळगाव जिल्ह्यात पतसंस्थांमध्ये ठेवी अडकलेल्या वृद्धांची परवड आपल्या वाचकांनी पाहिली आहे. बँकेतील ठेवीला 5 लाखांपर्यंत विम्याचे संरक्षण असते आणि पतसंस्थेतील ठेवीला ते नसते, हे त्यांतील अनेकांना पैसे बुडाल्यावर कळले. या पडझडीला पदाधिकारी जबाबदार आहेतच, परंतु सभासदांनी मालक म्हणून पाहायचे काम सोडून दिले होते, हेही तितकेच खरे आहे. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम 1960 प्रमाणे भाग कितीही असोत, सभासदाला मत एकच असते, आणि संस्थेची ठरावीक कागदपत्रे पाहण्याचा त्याला हक्क आहे. वार्षिक सर्वसाधारण सभा 30 सप्टेंबरपर्यंत घ्यावी लागते. तीत ताळेबंद आणि लेखापरीक्षण अहवाल ठेवले जातात, पण बहुतेक सभा अर्ध्या तासात ‘मंजूर, मंजूर’ म्हणत उरकतात. भाग घेऊन सभेला न जाणाऱ्यांची संख्या मोठी असेल, तर नवी संस्थाही त्याच मार्गाने जाईल.

म्हणून सुरुवात नव्या प्रकल्पापासून करायची गरज नाही. आपण ज्या विविध कार्यकारी सोसायटीचे, दूध संस्थेचे किंवा उत्पादक कंपनीचे सभासद आहोत, तिचा अहवाल मागून घ्यावा, येणे कर्ज किती व कोणाकडे आहे ते सभेत विचारावे आणि उत्तर इतिवृत्तात नोंदवायला लावावे. बायकोचे किंवा सुनेचे नाव सभासद यादीत नसेल तर तिचाही अर्ज द्यावा. एकदा एवढी सवय लागली की सौर प्रकल्पाचा ठराव ग्रामसभेपुढे न्यायला बळ येईल. सामुदायिक कारभार आपल्या भागात आजही यशस्वी होतो, याचे उदाहरण साक्री तालुक्यातच आहे: बारीपाडा गावाने सुमारे 400 हेक्टर जंगल स्वतः नियम करून राखले आणि त्या कामासाठी चैत्राम पवार यांना 2025 मध्ये पद्मश्री जाहीर झाली.

आपल्याला विनंती अशी आहे की जमीन भाड्याने देण्याच्या आवाहनाची बातमी यापुढे छापताना सहकारी संस्था, ग्रामपंचायत किंवा उत्पादक कंपनी म्हणून प्रकल्प उभारण्याची कोणती योजना त्या वेळी खुली आहे, अर्ज कोठे करायचा आणि मुदत काय, ही माहितीही तिच्याच शेजारी द्यावी. धुळे, नंदुरबार आणि जळगाव या तिन्ही जिल्ह्यांत आजवर मंजूर झालेल्या अशा प्रकल्पांपैकी किती गावांच्या मालकीचे आहेत आणि किती कंपन्यांच्या, हा आकडा आपल्या वार्ताहरांनी महावितरणकडून मिळवून प्रसिद्ध केला, तर येत्या ग्रामसभांमध्ये लोकांना तो समोर ठेवून बोलता येईल.

आपला एक वाचक,
साक्री, जि. धुळे