सूचना : सोमवारपासून सकाळची फेरी साडेपाचला

मंडळातील सर्व काका-काकूंना, आजी-आजोबांना नमस्कार.

ऊन तापू लागले आहे, म्हणून येत्या सोमवारपासून फेरी सहाऐवजी साडेपाचला निघेल. मारुतीच्या पारापासून पांदणीने नाल्याच्या पुलापर्यंत आणि परत, साधारण अर्धा तास.

"जन्मभर वावरात राबलो, आता आणखी काय चालायचं?" असे बरेच जण म्हणतात. खरे आहे. पण वावर पोराच्या हाती गेले की दिवस खाटेवर जातो आणि पायांतली ताकद तिथेच ओसरते. जागतिक आरोग्य संघटना ६५ च्या पुढच्यांनाही आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम श्रम करायला सांगते. रोज अर्धा तास, पाच दिवस, की झाले. रोज दहा हजार पावले चाललेच पाहिजे, असा धसका नको. तो आकडा १९६५ च्या सुमारास जपानात निघालेल्या पावले मोजायच्या यंत्राच्या नावातून आला. बोलता येईल पण गाणे म्हणता येणार नाही, एवढा वेग पुरे.

माझ्या आईला दिवाळीत उंबरा ओलांडतानाही भिंत धरावी लागे. आधी हापशीपर्यंत, मग पारापर्यंत, असे हळूहळू वाढवले. आता हातात फक्त काठी असते.

शुगर असलेल्यांनी अनवाणी येऊच नये, काटा रुतला तरी कळत नाही. इन्सुलिन घेणाऱ्यांनी उपाशीपोटी निघू नये, खिशात साखरेची पुडी ठेवावी. छातीत दुखले, चक्कर आली तर तिथेच थांबा आणि सोबत्याला हाक मारा. पांदणीत अजून अंधार असतो, बॅटरी आणा.