बाय, तो आवाज खराच होता

चिपळूण, रविवार

चि. बाय हिस,
अनेक आशीर्वाद.

फोनच करणार होतो. पण फोनवर मी नुसता ‘हो, हो’ म्हणतो आणि निम्मं मला कळलेलंच नसतं, हे तुला ठाऊक आहे. म्हणून कागदावर लिहितोय. आई फोटो काढून पाठवेल.

गणपतीत आलीस तेव्हा अंगणात गाडी लावता लावता म्हणालीस, “बाबा, पुढून चीं असा आवाज येतोय.” मी शेजारी बसलो, आई मागे. बहादूरशेख नाक्यापर्यंत चक्कर मारून आलो आणि मी ऐटीत सांगितलं, “काही नाही गं, गाडी झकास आहे.” बत्तीस वर्षं एसटीच्या वर्कशॉपमध्ये काढलेला बाप सांगतोय म्हटल्यावर तू कशाला वाद घालशील! गेलीस पुण्याला.

परवा आई भांडी विसळताना सहज बोलून गेली, “येत होता की तो आवाज. मागे बसून माझे दात आंबले.” तेव्हाच का नाही सांगितलंस, असं विचारलं तर म्हणे, तुम्ही ऐकून घेता का?

तर काल एकदाचा कानाच्या डॉक्टरांकडे जाऊन आलो. त्यांनी डब्यासारख्या खोलीत बसवलं, कानांवर हेडफोन घातला आणि आवाज आला की बटण दाबा म्हणाले. नंतर आलेख दाखवला. खालच्या सुरांपर्यंत रेघ ठीक होती, चार हजार हर्ट्झपाशी मात्र घाट संपून दरी लागावी तशी खाली गेलेली. “कामाला कुठे होतात?” मी सांगितलं. त्यांनी मान हलवली, पुढे काही विचारलं नाही. ब्रेकच्या लायनिंगचे रिव्हेट ठोकणं, कॉम्प्रेसर, दिवसभर पत्र्यावर हातोडा. कानात कापूस घालून येणारा एकजण होता, त्याला आम्ही हसायचो.

म्हणजे आवाज खरा होता, माझ्या कानात शिरला नाही इतकंच. आणि नेमका तसलाच बारीक, वरच्या पट्टीतला आवाज सोडून द्यायचा नसतो.

तुझ्या गाडीला पुढे डिस्क आहे, म्हणजे चाकाबरोबर फिरणारी तबकडी, आणि मागे ड्रम, त्याला आतून दाबणारे ते शू. डिस्कला दोन बाजूंनी चिमटा घेणारे ते पॅड. पॅड म्हणजे एक पोलादी पाठ आणि तिच्यावर चिकटवलेलं लायनिंग, म्हणजे डिस्कला घासणारा थर. नवं असताना हे लायनिंग साधारण 10 मिलिमीटर जाडीचं असतं. बऱ्याच पॅडच्या पाठीला नखाएवढी एक वाकडी पोलादी पट्टी असते. लायनिंग झिजून 2-3 मिलिमीटर उरलं की ही पट्टी फिरत्या डिस्कला घासायला लागते आणि चीं चीं सुरू होतं. ती पट्टी त्यासाठीच ठेवलेली असते, पॅड संपत आल्याचं ओरडून सांगायला. गंमत अशी की हा आवाज पुष्कळदा ब्रेक न दाबता येतो आणि दाबला की थांबतो. मग माणूस म्हणतो, ब्रेक लावल्यावर आवाज नाही ना, म्हणजे ब्रेक चांगले. तिथेच फसतात.

मोबाइलचा टॉर्च लाव आणि पुढच्या चाकाच्या फटीतून आत बघ. लायनिंग त्याच्या पोलादी पाठीपेक्षा पातळ दिसलं तर दिवस भरले. जाड दिसलं तरी लगेच खूश होऊ नकोस. बाहेरून बाहेरचाच पॅड दिसतो आणि आतला कधीकधी आधी संपतो. चाक काढल्याशिवाय तो कळत नाही. ते काम गॅरेजवाल्याचं, पण याच आठवड्यात.

हे वाचून प्रत्येक आवाजाला घाबरायचं मात्र नाही. पावसात रात्रभर गाडी उभी राहिली की डिस्कवर केशरी गंज धरतो. सकाळी दोन-चार ब्रेकपर्यंत खरखर होते आणि जाते. जोरात ब्रेक दाबल्यावर पेडल पायाखाली थडथडलं आणि घर्रर्र झालं तर ते एबीएस, चाकं अडकून घसरू नयेत म्हणून असलेली यंत्रणा. तेव्हा दचकून पाय काढू नकोस, दाबूनच ठेव. आणि पावसाळ्यात हँडब्रेक ओढून चार दिवस गाडी ठेवलीस तर मागचे ब्रेक शू ड्रमला चिकटतात, निघताना ‘टक्’ करून सुटतात. सपाट जागा असेल तर गिअरमध्ये ठेव आणि चाकाला दगड लाव. आपल्या अंगणातला तो काळा दगड काय शोभेचा आहे?

खर्रर्र असा लोखंडावर लोखंड घासल्याचा आवाज आला आणि तो दर ब्रेकला येत राहिला, तर मात्र गाडी पुढे न्यायची नाही. लायनिंग संपून पाठ डिस्कला लागलेली असते. पॅडच्या खर्चात डिस्कचा खर्च वाढतो, ते एक वेळ चालेल. पण घाटात ब्रेक कमी पडला तर काय करशील?

आमच्याकडे ड्रायव्हर गाडी डेपोत लावताना वहीत तक्रार लिहायचे. एकजण कायम ‘मागून आवाज’ एवढंच लिहायचा. मग काढा बसची मागची चारही चाकं, अर्धी पाळी त्यातच जायची. दुसरे एक म्हातारे ड्रायव्हर होते, शिक्षण चौथी. त्यांनी एकदा लिहिलं होतं: ‘मागचे डावे. उतार संपल्यावर. ब्रेक सोडल्यानंतरही घासते. सकाळी नसते.’ मी सरळ तोच ड्रम काढला. आत शू मागे ओढणारी स्प्रिंग तुटलेली. शू परत जागेवर येत नव्हता, ड्रमला चिकटून तापत होता. त्या अक्षराला मी मनातल्या मनात नमस्कार केला. तू आता त्यांच्यासारखं लिहायचंस. माझे कान गेले, तुझे शाबूत आहेत.

एक छोटी वही गाडीत ठेव. कुठल्या चाकाकडून, किती वेगाला, ब्रेक दाबून की सोडून, सरळ की वळताना, गाडी थंड असताना की तापल्यावर, एवढं लिहायचं. ऐकायला तुमच्या सोसायटीचं तळघरातलं पार्किंग उत्तम. काचा खाली, रेडिओ बंद, भिंतीच्या कडेने हळू चालव. भिंत आवाज परत आणून देते.

तिथेच स्टिअरिंग पूर्ण वळवून सावकाश गोल फीर. वळताना कट-कट-कट असं मोजता येण्यासारखं वाजलं तर एक्सेलचा जॉइंट. खाली वाकून चाकाच्या मागचा रबरी बूट बघ. फाटला असेल तर ग्रीस उडून रिमच्या आतल्या बाजूला काळे शिंतोडे असतात. स्पीडब्रेकरवरून जाताना खटखट झाली तर ब्रेकचा संबंध नाही, बहुतेक सस्पेन्शनचा लिंक रॉड नाहीतर रबरी बुश. सरळ जाताना टिक-टिक आणि वेगाबरोबर ती वाढत असेल तर आधी टायरच्या खाचा बघ, खडी अडकलेली असते. खिळा असला तर मात्र उपटू नकोस, तसंच पंक्चरवाल्याकडे जा.

चाकाच्या बेअरिंगचं मी फार बोलेन, कारण तो आवाज मला अजून ऐकू येतो. घूंऽऽ असा, लांबून विमान यावं तसा. वेग वाढला की वाढतो, ब्रेकशी देणंघेणं नाही. टायरही असाच घुमतो. फरक असा की डांबरावरून काँक्रीटवर गेलीस की टायरचा आवाज बदलतो, बेअरिंगचा तसाच राहतो. शिवाय उजवीकडच्या लांब वळणाला गाडीचं वजन डाव्या चाकांवर येतं. तिथे घुमणं वाढलं तर संशय डाव्या बाजूवर. नक्की करायचं तर चाक जॅकवर उचलून वर-खाली धरून हलवायचं आणि मग सस्पेन्शनच्या स्प्रिंगवर हात ठेवून चाक फिरवायचं. खराब बेअरिंग स्प्रिंगमधून हाताला खरखरीत लागतं. वर्कशॉपात हे मी डोळे मिटून करायचो. नाक्यापर्यंतच्या चकरेत आपण चाळिसाच्या वर गेलोच नाही, तेव्हा तुझ्या बेअरिंगचा निकाल मी दिलेला नाही. तो तू हायवेला दे.

अजून एक. लांबून गाडी चालवून पोचलीस की चारही चाकांजवळ हाताची मागची बाजू धरून बघ. लावायचा नाही हात, डिस्क भाजते. समोरच्या दोनपैकी एकच चाक जास्त तापलं असेल, गाडी एका बाजूला ओढत असेल, जळका वास असेल, तर कॅलिपर, म्हणजे पॅड दाबणारा तो चिमटा, अडकलाय.

गॅरेजमध्ये ‘आवाज येतोय, बघा’ असं म्हणू नकोस. तसं म्हणणाऱ्याला चारही चाकांचं बिल मिळतं. माझ्या एका मित्राकडून इथल्याच एका गॅरेजने डिस्क, पॅड, बेअरिंग सगळ्याचे पैसे घेतले. डिस्क आणि मागच्या पत्र्यामध्ये वाटाण्याएवढा खडा अडकला होता, एवढंच. वही दाखव. पॅड दोन्ही बाजूंचे एकदम बदलतात, ते त्याने सांगितलं तर बरोबर आहे. डिस्क बदला म्हणाला तर विचार, जाडी किती भरली? किमान जाडी डिस्कवरच कोरलेली असते, व्हर्नियरने समोर मोजून दाखव म्हणावं. कॅलिपरच्या पिना साफ करून ग्रीस लावायला सांग. ब्रेक ऑइलची पातळी थोडी उतरली असेल तर पॅड झिजल्यामुळे उतरते, नुसतं वरून ओतून भागत नाही. दोन वर्षं झाली असतील तर सगळंच बदलून घे. आणि झिजलेल्या लायनिंगची काळी पूड कुणी फुंकर मारून उडवत असेल तर तू लांब उभी राहा. आम्ही फुंकली ती पुरे.

दिवाळीला येशील तेव्हा कोयनानगर सोडून घाट उतरायला लागलीस की दुसरा गिअर टाक आणि पोफळीपर्यंत इंजिनाला गाडी धरू दे. मागचा हॉर्न वाजवतोय म्हणून घाई नको, त्याला जाऊ दे. जुने पॅड गॅरेजवाल्याकडे सोडू नकोस, कागदात गुंडाळून घेऊन ये. मला बघायचेत. डोळे अजून चांगले आहेत.

डॉक्टरांनी कानात घालायचं यंत्र सांगितलंय. तोवर आलं असेल तर पुन्हा नाक्यापर्यंत जाऊ. आई मागे बसायला तयार आहे.

तुझा,
बाबा

ता. क. : पॅड बदलून गाडी ताब्यात घेतलीस की चालू करून जागेवरच चार-पाच वेळा ब्रेक दाब, पेडल कडक होईपर्यंत. नवे पॅड बसवताना पॅडला दाबणारा पिस्टन आत ढकललेला असतो, पहिल्या दाबाला पेडल सरळ खाली जातं. गॅरेजवाले हे करतात, पण एखादा विसरतो. आणि पहिले दोनशे-तीनशे किलोमीटर कचकन ब्रेक नको.