ग्लायडरच्या रंगकामातील गंभीर दोषांबाबत तक्रार

दिनांक : १४ ऑक्टोबर २०२५

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक तक्रार विभाग,
फायबर बांधणी व रंगकाम कंपनी,
गोवा.

विषय : एकआसनी ग्लायडरचे सदोष रंगकाम, त्यामुळे थांबलेले उड्डाण आणि भरपाईबाबत.

महोदय,

माझे ग्लायडर आपल्या शेडमधून चवथीनंतर रंगून आले. तेव्हापासून ते फोंड्याला माझ्या अंगणात ट्रेलरमध्येच पडून आहे. तपासणीला आलेल्या परवानाधारक अभियंत्याने लॉगबुकवर सही करायला साफ नकार दिला, आणि त्या सहीविना ते उडवता येत नाही. त्यांनी दाखवलेले दोष मी आपल्या फोरमनना फोनवर वाचून दाखवले, तर पलीकडून उत्तर आले, "पात्रांव, शायनिंग तरी पळयात!" (साहेब, चकाकी तरी बघा!) शायनिंग उत्तम आहे, त्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही. तक्रार बाकी सगळ्याची आहे, आणि ती आता लेखी करतो आहे, कारण व्हॉट्सॲपवर अंगठा दाखवण्यापलीकडे आपल्याकडून लेखी काही आलेले नाही.

आपल्या कार्यालयात हे पत्र ज्यांच्या हाती पडेल त्यांना प्रकरण माहीत नसेल, म्हणून थोडक्यात सांगतो. हे १९७०च्या दशकातले, जर्मन बनावटीचे, १५ मीटर पंखांचे, काचतंतू आणि इपॉक्सीचे ग्लायडर आहे. याला इंजिन नाही. गोव्यात ते उडवायची सोय नाही. दाबोळी विमानतळ हा नौदलाचा तळ, आणि जानेवारी २०२३ पासून मोपाचा विमानतळही सुरू झाला. मी शिकलो पुण्याला हडपसरच्या ग्लायडिंग केंद्रात आणि आजही उडतो घाटावरच. पण घर इथे, मोकळी जागा इथे आणि फायबरचे काम जाणणारे हातही इथेच, या समजुतीने मी ट्रेलर अनमोड घाट उतरून खाली आणला. मूळ गेलकोटला, म्हणजे वरच्या कडक थराला, उन्हाने आणि दमट हवेने बारीक तडे गेले होते. तडा आतल्या तंतूंपर्यंत पोचला की ओलावा आत शिरतो, म्हणून तो थर घासून काढून नवा पांढरा गेलकोट मारणे, एवढेच काम होते.

एवढेच, पण अटींसह. आपल्या सही-शिक्क्याच्या वर्क ऑर्डरमध्ये त्या मराठीत आणि इंग्रजीत दोन्हीकडे लिहिल्या आहेत : हलणारे सगळे भाग रंगापूर्वी आणि रंगानंतर तोलायचे, धातूच्या जोडण्यांना हात लावायचा नाही, आणि घासकाम झाल्यावर फवारणीआधी आमच्या अभियंत्यांना बोलावून दाखवायचे. बोलावणे आले नाही. काम मिरग (मृग नक्षत्र) लागायच्या आत संपवायचे ठरले होते. प्रत्यक्षात फवारणी भर जुलैत झाली. गोव्याच्या जुलैत बंद शेडमध्येही हवेत किती पाणी असते हे आपल्याला मी सांगायला नको. पंखांच्या खालच्या बाजूला आज ठिकठिकाणी सुईच्या अग्राएवढी भोके दिसतात, ती त्याचीच.

आता मुख्य दोष. डावे एलेरॉन, म्हणजे ग्लायडर डावी-उजवीकडे कलवणारा पंखाच्या मागच्या कडेचा हलता भाग, आम्ही काट्यावर ठेवले तेव्हा ते पूर्वीपेक्षा ३१० ग्रॅमने जड भरले. उजवे त्याहून थोडे कमी, शेपटीवरचे, नाक वर-खाली करणारे एलिव्हेटरही वाढलेले. पूर्वीचे आकडे आमच्या वहीत होते म्हणून हे कळले, कारण आपल्याकडे एकही नोंद नाही. आपले फोरमन म्हणाले, तीनशे ग्रॅम म्हणजे तीन आंबे. आंबे टोपलीत असतात, एलेरॉन बिजागरीवर असते. बिजागरीच्या मागे वजन वाढले की ठरावीक वेगाच्या पुढे हवेचा एखादा धक्का त्या भागाला फडफडवू लागतो. पंखाची पीळ आणि एलेरॉनची फडफड एकमेकांना खतपाणी घालतात आणि काही क्षणांत पंख तुटू शकतो. याला फ्लटर म्हणतात. म्हणूनच उत्पादकाच्या मेंटेनन्स मॅन्युअलमध्ये प्रत्येक हलत्या भागाचे कमाल वजन आणि बिजागरीभोवतीचा कमाल भार छापलेला असतो. डावे एलेरॉन आज या दोन्ही मर्यादांच्या बाहेर आहे. जुना थर पुरता न काढता त्याच्यावरच फिलर आणि नवा थर चढवला गेला असावा, असे अभियंत्यांचे मत आहे, आणि कडेला एका जागी खरवडून पाहिल्यावर मलाही तसेच दिसले : पांढऱ्याखाली पिवळट जुना थर, त्यातले तडे जसेच्या तसे. म्हणजे ज्या तड्यांसाठी मी पैसे मोजले, ते फक्त झाकले गेले.

दुसरा दोष जोडणीचा. हे ग्लायडर प्रत्येक वेळी ट्रेलरमधून काढून जोडावे लागते. एकेक पंख साठ-सत्तर किलोचा. एक माणूस टोकाला, एक मुळाशी. दोन्ही पंखांचे स्पार, म्हणजे पंखांचे आतले कणे, धडात एकमेकांशेजारी सरकवायचे आणि मुख्य पिन घालायच्या. मग सीटच्या मागच्या छोट्या झाकणातून हात घालून एलेरॉन आणि एअरब्रेकच्या (उतरताना पंखातून वर येणाऱ्या पट्ट्यांच्या) दांड्या जोडायच्या. त्या जोडण्या गोळी आणि वाटीच्या असतात : वाटी गोळीवर बसली की स्प्रिंगची एक पाचर आपोआप बाहेर येते, आणि तिच्यातले बारीक भोक दिसले की त्यात सेफ्टी पिन घालायची. भोक दिसले नाही तर जोडणी बसली नाही. या खेळात तेवढीच एक खूण असते. आपल्या फवाऱ्याचे तुषार या वाट्यांमध्ये बसले आहेत. डाव्या एलेरॉनची पाचर अर्ध्यावर अडकते, वाटी गोळीवर बसल्यासारखी वाटते, हाताला टकही लागते, पण भोक रंगाने बुजलेले. टॉर्च मारून पाहिले तेव्हा पाचरीच्या कडेला वाळलेल्या गेलकोटची पापडी होती. दांडा जोराने ओढला आणि वाटी निघून आली.

आम्ही जोडणीनंतर नेहमीची चाचणी करतो. एकजण कॉकपिटमध्ये नियंत्रणाची दांडी हलवतो आणि दुसरा बाहेर एलेरॉन, एलिव्हेटर हाताने दाबून धरतो, म्हणजे जोड खरोखर भार घेते का ते कळते. त्या चाचणीत हा दोष पकडला गेलाच असता, असे आपण म्हणू शकता. पण न जोडलेल्या नियंत्रणांनिशी उडालेली ग्लायडर्स आणि त्यांचे अपघात जगभर नोंदलेले आहेत. चाचणी आहे म्हणून जोडणीत रंग भरायची मुभा कुणाला मिळत नाही.

तिसरा दोष लिहितानाही माझा संताप होतो. मुख्य पिन. आपल्या एका कामगाराने प्रामाणिकपणे सांगितले की पिन घट्ट जात होती म्हणून तिला पॉलिश पेपर मारला. त्या मुलाला दोष देत नाही. त्याला कुणी सांगितलेच नव्हते. पण ती पिन पंखाचा सगळा भार घेते. तिची घडण कारखान्यातून ठरलेल्या मापाची येते आणि किती झीज चालते हेही मॅन्युअल सांगते. आता ती भोकात सहज सरकते आणि पंखाचे टोक धरून पुढेमागे केले तर मुळाशी ढिलेपणा जाणवतो. ही पिन उत्पादकाकडून कागदपत्रांसह नवी मागवावी लागेल. घासलेली पिन मी मोहोरबंद पाकिटात ठेवली आहे.

बाकीचे भराभर सांगतो, महत्त्व कमी म्हणून नव्हे, तर प्रकार तोच म्हणून. धडाच्या दोन्ही बाजूंची स्टॅटिक दाबाची, म्हणजे बाहेरच्या हवेचा दाब मोजण्याची, बारीक छिद्रे फिलरने गुळगुळीत झाली आहेत. त्यांच्याविना वेगमापक आणि उंचीमापक खोटे बोलतात. विंचवर, म्हणजे जमिनीवरच्या यंत्राने दोर ओढून, चढताना वेग कमी पडला तर पंखाची उचल संपते, जास्त झाला तर पंखावर नको तेवढा ताण येतो, आणि ते सांगणारा काटा एकच असतो. पंख आणि एलेरॉनच्या खालची पाणी निथळायची भोके बुजली आहेत. पृष्ठभागावर सिलिकॉनचे पॉलिश फिरवले आहे, त्यामुळे पंख-धडाच्या फटीवर लावायची टेप तासाभरात सुटते आणि पुढे कुठेही दुरुस्ती करायची तर नवा रंग धरणार नाही. कॅनोपी, म्हणजे वैमानिकावरचे पारदर्शक झाकण, थिनरने पुसली आहे. ती काच नव्हे, ॲक्रिलिक आहे. तिला साधे पाणी आणि मऊ फडके लागते. उन्हाकडे तोंड केले की तिच्यात बारीक रेघांचे जाळे चमकते, आणि नेमके त्याच दिशेला दुसरे ग्लायडर असू शकते.

आणि ते निळे पट्टे. पंखांच्या वरच्या बाजूला मुळापासून टोकापर्यंत गडद निळे पट्टे मी मागितले नव्हते. बिलात त्यांच्यापुढे "कॉम्प्लिमेंटरी" असे लिहिले आहे. आपल्या औदार्याबद्दल आभारी आहे. पण अशी ग्लायडर्स पांढरी असतात ती हौसेने नाही. इपॉक्सीची बांधणी तापली की मऊ पडते, आणि पांढऱ्या पृष्ठभागाच्या ग्लायडर्सची ताकद साधारण ५४ अंश सेल्सिअस तापमान धरून तपासलेली असते. घाटावर एप्रिलच्या दुपारी गडद निळ्या रंगाला हात लावून बघा.

आपल्या कार्यालयातून एकदा असेही ऐकवले गेले की हेच साहित्य समुद्रातल्या बोटींवर वर्षानुवर्षे टिकते. टिकत असेल. मांडवीत फिरणाऱ्या आपल्या बोटी मी पाहिल्या आहेत, काम सुबक असते. ते पाहूनच तर आपल्याकडे आलो. पण आपल्या माहितीपत्रकात बोटीशेजारी विमानाचे चित्र छापलेले आहे आणि खाली "एव्हिएशन ग्रेड" असे शब्द आहेत. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची सीएआर-१४५ मान्यता आपल्याकडे असेल, तर तिची प्रत पाठवावी. नसेल, तर ते चित्र आणि ते शब्द काढून टाकावेत, म्हणजे दुसरा कुणी फसणार नाही.

माझ्या मागण्या अशा आहेत. बिलाची पूर्ण रक्कम जीएसटीसह परत मिळावी. नव्या मुख्य पिना, नवी कॅनोपी, पुन्हा वजन आणि गुरुत्वमध्य काढण्याचा खर्च आणि अभियंत्यांची फी आपण द्यावी. शेपटीकडे वाढलेला प्रत्येक ग्रॅम गुरुत्वमध्य मागे ढकलतो, त्यामुळे वैमानिकाच्या किमान वजनाचा फलकसुद्धा आता बदलू शकतो. वापरलेल्या गेलकोट, रेझिन, हार्डनर आणि फिलरची नावे व बॅच क्रमांक, तसेच फवारणीच्या दिवसांची तापमान-आर्द्रतेची नोंद लेखी द्यावी. शेवटच्या मागणीवर मी अडून बसणार आहे, कारण आत काय मारले आहे हे कळल्याशिवाय ते काढायचे कसे, हे पुढचा कारागीर ठरवू शकत नाही. नोंदच ठेवली नसेल तर तसे लेखी लिहून द्यावे. पुन्हा रंग मारून देण्याचा आपला प्रस्ताव मला मान्य नाही. ग्लायडर आपल्या शेडमध्ये पुन्हा येणार नाही.

हे पत्र मिळाल्यापासून पंधरा दिवसांत लेखी उत्तर अपेक्षित आहे. ते न आल्यास ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ अन्वये सेवेतील त्रुटी आणि दिशाभूल करणारी जाहिरात या दोन्ही मुद्द्यांवर जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार दाखल करीन. वर्क ऑर्डर, बिल, तोलाचे आकडे, अभियंत्यांचा अहवाल आणि छायाचित्रे पत्रासोबत जोडली आहेत. मूळ प्रती माझ्याकडे आहेत.

आपला तज्ज्ञ येऊन पाहणार असेल तर जरूर यावे. आधी एक दिवस कळवावे, म्हणजे आमचे अभियंतेही हजर राहतील आणि पंख ट्रेलरबाहेर काढायला माणसे जमवता येतील. येताना एलेरॉन तोलायला आपला स्वतःचा काटा आणावा, म्हणजे आकड्यांवरून वाद नको. कॅनोपीला मात्र कुणी हात लावायचा नाही.

आपला,
एक ग्राहक,
फोंडा, गोवा.