चुलत रस्त्याची फितुरी

प्रिय दिग्या,

सात महिने झाले. तुझ्या मेसेजला अंगठा टेकवला की उत्तर पोचलं, असं मी खुशाल धरून चाललो होतो. शिव्या आल्यावर दे. तब्येत ठीक. गुडघा वाजतो, शुगर काठावर, आईचा मोतीबिंदू काढला, त्यामुळे तिला आता माझे पांढरे केस दिसतात. झालं.

आता मुद्द्याचं. आपला गुपित चुलत रस्ता मी फोडला.

तू म्हणशील कोणाला, तर सगळ्यांना. दिवाळीत आपल्या जुन्या सायकलवाल्या टोळक्यात एक नवा पोरगा भेटला. पंचेचाळीस मिलिमीटरचे टायर, कार्बनचा फोर्क, आणि तोंडाने 'मावळात आता कच्चं काही उरलंच नाही'. मला ते सहन झालं नाही. त्याच रात्री सगळा ट्रॅक, म्हणजे वाटेचा नकाशा, सायकलच्या ॲपवर चढवला, सगळ्यांना दिसेल असा. कापूरहोळपासून भाटघरच्या काठाकाठाने, वेळवंडीच्या खोऱ्यातून, धरणाच्या पोटात उतरून थेट कांबरेश्वराच्या देवळापर्यंत. वर फुशारकी मारून लिहिलं, 'पाणी ओसरल्यावरच जा'. म्हणजे केव्हा जायचं तेही मीच सांगितलं.

२०१९ च्या मे महिन्यात ते देऊळ पहिल्यांदा पाहिलं तेव्हाचं आठव. उरलेला चिखल भेगाळलेला, मधे ते दगडी देऊळ अंग वाळवत बसल्यासारखं, आणि तू बत्तीसच्या टायरवर गाळात आसापर्यंत रुतलेला. तरी म्हणत होतास, 'बत्तीस पुरतात.' अजूनही म्हणत असशील. तिथेच ठरलं होतं ना, की हा रस्ता कुणाला सांगायचा नाही? धड रस्ता नाही, धड बांध नाही, म्हणून चुलत. शपथ तू घातलीस आणि मी हसलो होतो. रायरेश्वर जवळच आहे, तिथे जाऊन घे म्हणालो होतो.

फेब्रुवारीपासून माणसं यायला लागली. आधी सायकली, पाच-पाच, दहा-दहा. मग मोटारसायकली. मग रविवारी जीपगाड्या, कारण गाळात गाडी घसरवली की व्हिडिओ झकास येतो. मी काय केलं माहीत आहे? खापर युनेस्कोवर फोडलं. २०२५ च्या जुलैत राजगडासकट १२ किल्ले जागतिक वारशात गेले, तेव्हा गर्दी होणारच, असं चार जणांना ऐकवलं. आता राजगड कुठे आणि धरणाचा तळ कुठे! गडाची गर्दी गुंजवण्याला आणि पालीला जाते. भुतोंड्याच्या बाजूने वर चढणारे मोजकेच. हे तुला सांगायला नको, पण स्वतःला महिनाभर सांगावं लागलं.

(राजगडावरून आठवलं. पुरंदरच्या तहात २३ किल्ले गेले त्यात राजगड नव्हता. रोहिडा होता. कापूरहोळला, संभाजीराजांच्या दूधआईच्या, धाराऊच्या गावात बसून, मिसळीच्या पैजेवर तू उलटं बोलला होतास. दोन मिसळी येणं आहे.)

गेल्या रविवारी एकटाच गेलो. पहाटे जुना कात्रज घाट, नऊच्या आत भाटघरची भिंत. १९२८ चं धरण, साडेतेवीस टीएमसीचं, आणि मे अखेरीला त्याचं पोट असं खपाटीला गेलेलं की बघवत नाही. आबांच्या गाळपेरीपाशी, धरण हटल्यावर गाळात पेरतात त्या शेतापाशी, उतरलो तर वाटेवर बाभळीच्या फांद्या. नीट रचलेल्या, बांधापासून बांधापर्यंत. मला वाटलं जनावरांसाठी असतील. बाजूने काढायला गेलो आणि पुढच्या टायरात काटा. ट्यूबलेस असून आतलं भोक बुजवणारं सीलंटच पांढरं कारंजं उडवत माझ्या तोंडावर. बोटाएवढा काटा, दिग्या. प्लग घालूनही बसेना, शेवटी ट्यूब टाकली.

आबा झाडाखालून बघत होते. मला ओळखलं. पहिलं वाक्य : 'जोडीदार कुठाय तुमचा, उंच्या?' मग पाणी दिलं, त्याच त्या तांब्यातून. मग सगळं सांगितलं. भुईमूग पेरला होता, धरण मागे हटेल तसा. जीपवाल्यांनी दोन वाफे तुडवले. एकाला अडवलं तर त्याने मोबाईल दाखवला, 'रस्ता आहे, इथे लिहिलंय.' आबा मला म्हणाले, 'कोण लिहितं हो असलं? आमचा बांध त्या मोबाईलमधे गेला कसा?'

मी पाणी प्यायलो. तांब्या पालथा घातला. म्हणालो, 'काय सांगावं आबा, हल्ली लोक काहीही करतात.'

झालं ते एवढंच. बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, नुकसान भरून दे आणि मोकळा हो. बरोबरच आहे तिचं. पण 'मी लिहिलं' हे तोंडातून निघत नाही, त्याचं काय करू? दोनदा पाकिटात हात घातला. पैसे कशाचे, असं त्यांनी विचारलं असतं. पूर्वी या खोऱ्यांत वाट माहीत असणं हीच दौलत होती. वाट दाखवणाऱ्याला फितूर म्हणत आणि त्याला निदान समोरून काही मिळे. मला मिळाले एकशे बारा अंगठे.

ट्रॅक घरी आल्या आल्या काढून टाकला. उपयोग शून्य. ज्यांनी उतरवून घेतला त्यांच्याकडे आहेच. त्या कार्बनवाल्या पोराने तर त्याला नवं नावही दिलंय, इंग्रजीत. जुलैत पाणी चढेल, देऊळ, वाट, बाभळी सगळं खाली जाईल. पुढल्या फेब्रुवारीपर्यंत मला मुदत, असं काल रात्री मनाशी म्हणालो आणि मग झोप लागली नाही.

तुझं काय चाललंय? नवं घर झालं का लावून? पोरगी डच बोलते म्हणे, आता तुला बाजारात भाव करायला तिला न्यावं लागत असेल. वहिनींना नोकरी लागली हे वाचलं, अभिनंदन सांग. आणि पुलाच्या चढाला घाट म्हणणं सोड, फोटोत दिसतो तो उतार आमच्या गल्लीत आहे.

डिसेंबरात येतोयस ना? तेव्हा पाणी भरलेलं असेल, चुलत रस्ता दिसायचा नाही, पण आबा वरच्या वस्तीवर असतात. दोघं जाऊ. मी गप्प बसेन, तू बोल. तू कधी फोडला नाहीस, तुला बोलता येईल. नाहीतर नुसता शेजारी बस, मी बोलतो. बघू.

तुझा,
सुध्या

ता. क. निघताना आबांनी तुझ्यासाठी ओल्या शेंगा दिल्या, तुडवल्या नाहीत त्या वाफ्यातल्या. पोस्टाने येणाऱ्या नाहीत म्हणून उकडल्या. आईने खाल्ल्या. मला एकही गेली नाही.