डेल्सफर्डचा कलश आणि आपलं वडगाव

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

फोनवर आई गुडघ्यांवर येते, बाबा व्हिसावर, आणि मधलं सगळं राहून जातं. म्हणून हे पत्र.

शनिवारी आम्ही इंग्लंडमधल्या कॉट्सवोल्ड भागात होतो, चिपिंग कॅम्पडेन नावाच्या गावात. एक लांब, किंचित वळलेला रस्ता आणि दोन्ही बाजूंना गुळाच्या ढेपेच्या रंगाच्या दगडाची घरं. मधोमध १६२७ साली बांधलेला बाजारमंडप. त्याची फरशी इतकी झिजलीय की आई, तिथे माझा हात सोडायचा नाही. हे सगळं वैभव लोकरीचं. विल्यम ग्रेव्हेल नावाचा लोकरीचा बडा व्यापारी १४०१ साली वारला. त्याचं घर अजून रस्त्यावर उभं आहे. पुढे धंदा बसला, कारखाने दुसरीकडे निघाले आणि जुनं पाडून नवं बांधायला गावात पैसाच उरला नाही. लोक म्हणतात, ‘किती छान जपलंय!’ मला वाटतं, आधी गरिबीने वाचवलं, जपणूक नंतरची.

बाबा, आता तुमच्यासाठी. तिथून जवळच डेल्सफर्ड आहे, बंगालचा पहिला गव्हर्नर जनरल वॉरन हेस्टिंग्ज याचं गाव. त्याच्या घराण्याने तिथली जमीन गमावली होती. ती परत मिळवायची हे आपण लहानपणीच ठरवलं होतं, असं तो म्हातारपणी सांगे. ईस्ट इंडिया कंपनीची नोकरी करून परतला आणि १७८८ साली ५४,००० पौंडांना ती घेतलीसुद्धा. त्याच साली पार्लमेंटात त्याच्यावर महाभियोगाचा खटला सुरू झाला. निर्दोष सुटायला १७९५ उजाडलं. चर्चच्या आवारात कबर आहे. वर दगडी कलश, त्यावर नाव आणि साल, १८१८. पेशवाई बुडाली तेच!

लोणावळ्याला जाताना वडगाव आलं की तुम्ही लोकलच्या खिडकीतून हात दाखवायचात: १७७९, महादजी, मुंबईकर इंग्रजांची शरणागती. तो शरणागतीचा करार कलकत्त्यात बसून धुडकावणारा हाच माणूस. मला वाटलं होतं, तिथे उभं राहून राग येईल. नाही आला. त्या टुमदार, शांत शिवाराकडे बघताना मात्र हा पैसा कुठून आला असेल, हे डोक्यातून जाईना.

हेस्टिंग्जचं घर ज्या सॅम्युएल पीप्स कॉकरेलने बांधलं, त्यानेच पुढे जवळच सेझिनकोट बांधलं, आपल्या भावासाठी. भाऊही कंपनीतलाच. घरावर चक्क मोगली घुमट! आई, बागेत देऊळ सूर्याचं आणि नंदी बसलेत पुलाच्या कठड्यावर. तू असतीस तर कॉकरेलची चांगली हजेरी घेतली असतीस.

मे महिन्यात आलात की हे सगळं दाखवते. कॅम्पडेनला आता रेल्वे थांबत नाही. पॅडिंग्टनहून मॉर्टन-इन-मार्शला उतरायचं आणि पुढे बस. आई, चढ फारसा नाही. वाटेत बसत बसत जाऊ. बाबा, मराठे-इंग्रज युद्ध मिटवणाऱ्या सालबाईच्या तहावरची तुमची टिपणांची वही बॅगेत टाका, आणि स्वेटर मे महिना आहे म्हणून काढून ठेवू नका.

व्हिसाचे अर्ज मी इथून भरते आहे. पेन्शनच्या पासबुकाची प्रत तेवढी लगेच पाठवा, मागच्या सहा महिन्यांची पानं धरून.

तुमची,
मनू