आजार घरात, योजना रुग्णालयात

मा. संपादक,
स. न.

दर २१ सप्टेंबरला अल्झायमर दिनानिमित्त लेख येतात. शब्दकोडी सोडवा, अक्रोड खा, फिरायला जा. सल्ला वाईट नाही, पण ज्या घरात आजार येऊन बसलाय त्या घराला त्याचा काय उपयोग? माझ्या सासूबाईंना स्मृतिभ्रंश आहे, म्हणून विचारते.

सत्तरी ओलांडलेल्यांना २०२४ पासून आयुष्मान भारतमधून कुटुंबामागे वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार मिळतात, पण दाखल झाल्यावर. स्मृतिभ्रंशाचा रुग्ण दाखल कधी होतो? पडून खुब्याचं हाड मोडलं किंवा न्यूमोनिया झाला, तर. एरवी वर्षानुवर्षं चालणारा हा आजार घरातच काढावा लागतो. डायपरचा खर्च, रात्रीची बाई, दिवेलागणीला ‘मला घरी जायचंय’ म्हणत दाराकडे निघालेलं माणूस आणि त्याच्यापायी नोकरी सोडलेली सून किंवा मुलगी, यातलं काहीच पॅकेजात बसत नाही. राज्याच्या वयोश्री योजनेचे ३ हजार रुपये मिळतात ते चष्मा, श्रवणयंत्र, कमोड खुर्ची असल्या वस्तूंसाठी, आणि तेही एकदाच.

देशात साठीपुढच्या सुमारे ८८ लाख लोकांना स्मृतिभ्रंश असल्याचा अंदाज आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये याबाबतचा कृती आराखडा मंजूर केला. आपल्याकडे स्वतंत्र राष्ट्रीय धोरण अजून नाही.

करायचं काय, हे मात्र शेजारच्या गोव्यात कधीच करून पाहिलेलं आहे. तिथल्या संशोधकांनी साध्या शिकलेल्या स्थानिक कार्यकर्त्यांना प्रशिक्षण देऊन रुग्णांच्या घरी पाठवलं. आजार म्हणजे काय, चिडचिड आणि संशय कसा हाताळायचा, घरातल्यांनी कामं कशी वाटून घ्यायची, हे ते समजावत. गरज पडली तर मानसोपचारतज्ज्ञ पाठीशी असत. सांभाळणाऱ्यांचं मानसिक स्वास्थ्य सुधारल्याचा निष्कर्ष २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. ना महागडी यंत्रं, ना नवी इमारत.

आपल्याकडे निम्मी यंत्रणा तयार आहे. आजारांचा धोका ओळखण्यासाठी आशाताई जो सीबॅक अर्ज भरतात, त्यात साठीवरच्यांसाठी प्रश्न आहे: जवळच्यांची नावं किंवा घराचा पत्ता विसरता का? (विसरणाऱ्यालाच विचारायचं, हेही एक नवलच!) उत्तर ‘हो’ आलं की प्राथमिक आरोग्य केंद्रात थायरॉइड आणि बी-१२ तपासलं जावं, कारण काहींचं विसरणं त्यामुळेच असतं आणि ते उपचाराने सुधारू शकतं. बाकीच्यांना जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाच्या डॉक्टरांकडे पाठवावं आणि त्या घरी नियमित फेरी ठेवावी. मात्र हे काम आशांच्या गळ्यात फुकट मारू नये. वेगळा मोबदला द्यावा.

कायद्याचा घोळ निराळाच. माणसाची समज गेली की त्याने दिलेलं मुखत्यारपत्र १८७२ च्या करार कायद्यानुसार संपतं. म्हणजे नेमकी गरज पडते तेव्हाच कागद निकामी! १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात कायदेशीर पालक नेमायची सोय आहे, पण ती स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, मतिमंदत्व आणि बहुविकलांगतेपुरती. आईच्या औषधपाण्यासाठी आईच्याच ठेवी मोडायला मुलांना उच्च न्यायालयाची पायरी चढावी लागते.

लोकप्रतिनिधींनी येत्या अधिवेशनात आरोग्यमंत्र्यांना एवढं तरी विचारावं: सीबॅकमध्ये त्या प्रश्नाला ‘हो’ म्हणणाऱ्या किती ज्येष्ठांची पुढे तपासणी झाली, आणि त्यातल्या किती जणांच्या घरी नंतर कुणी गेलं?

– एक वाचक, मिरज